भोयर मास्तरांची दुसरी बाजू

वादविवाद स्पर्धेचा विषय आला की भोयर मास्तर तो फळ्यावर लिहीत, खडू खाली ठेवत आणि विचारत, "यात माणूस कुठं हाये?" उत्तर मिळेपर्यंत ते खुर्चीत बसून सुपारी कातरत. तोवर एकही मुद्दा मांडायची आम्हाला परवानगी नसे.

सिंदीच्या आमच्या शाळेत ते मराठी आणि इतिहास शिकवत. अंगाने काटकुळे, पण आवाज कापसाच्या बाजारातल्या दलालासारखा लांबवर जाणारा. एकदा वर्ध्याच्या स्पर्धेसाठी विषय आला, 'खेड्यातले जीवनच हितकारक आहे.' मी लगेच शुद्ध हवा, ताजे दूध वगैरे सुरू केले. मास्तरांनी 'हितकारक' या शब्दाभोवती गोल काढला. "कोनाले हितकारक? ज्याच्या अंगनात विहीर हाये त्याले, का जिच्या डोक्यावर पान्याचा गुंड हाये तिले? आधी हे ठरव. तुही शुद्ध हवा कुठं पळून नाई चालली." वर्ध्याला बाकीचे सगळे हवेवर बोलले, मी गुंडावर, म्हणजे डोक्यावरच्या त्या हंड्यावर बोलले. ढाल आमच्या शाळेला मिळाली.

त्यांची दुसरी सवय जास्त त्रासाची होती. आपल्याला जी बाजू मांडायची, तिच्या विरुद्धची आधी बांधायची, आणि तीही समोरच्याला जमली नसती इतकी पक्की. "त्याचं घर त्याच्यापेक्षा चांगलं बांधून दे. मंग सांग, तू त्या घरात काऊन राहत नाई." हे ते फक्त आम्हालाच सांगत असते तर निभावले असते. घरी भाजीवरून वाद झाला तरी मास्तर आधी बायकोची बाजू मांडत, आणि त्या बाई तेवढी ऐकून समाधानाने उठून जात.

मी आठवी पास झाले, तेव्हा पुढच्या वर्गांत मुलींना मुलांबरोबर बसू द्यायचे की नाही, हा प्रश्न शाळेच्या कमिटीपुढे आला. नाही ठरले तर माझी शाळा तिथेच संपणार होती. अध्यक्ष कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक शेठजी होते. त्यांना संध्याकाळच्या पॅसेंजरने नागपूरला जायचे होते. आमच्या बाजूने बोलायला मास्तर उभे राहिले. मी बाहेर व्हरांड्यात बसून ऐकत होते.

मास्तरांनी सवयीप्रमाणे आधी विरुद्ध बाजू घेतली. हंगामात शाळेचा रस्ता कापसाच्या बैलबंड्यांनी भरलेला असतो, पोरींनी त्यातून यायचे कसे? शाळेत बाई शिक्षिका नाही. मधल्या सुट्टीत पोरींनी बसायला वेगळी खोली नाही. एकेक मुद्दा त्यांनी असा चढवला की मलाच आपण घरी बसावे असे वाटू लागले. तेवढ्यात शाळेसमोरच्या स्टेशनवर गाडीचा सिग्नल पडला. शेठजींनी टोपी घातली. "मास्तर, आपन बराबर बोलले. अब इसमें सोचना क्या? पोरी घरीच बऱ्या." ठराव तिथल्या तिथे झाला. "शेठजी, माही दुसरी बाजू राह्यली," मास्तर म्हणत होते, तोवर मंडळी जोडे घालत होती.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "चूक माही हाये." आईने विचारले, "मास्तर, तुमी आपलंच आधी काऊन नाई सांगितलं?" त्यावर मास्तर म्हणाले, "तसं केलं असतं तर त्यांनी ऐकलंच नसतं वहिनी, नुसतं नाई म्हटलं असतं." चूक कबूल होती, पद्धत सोडायला मात्र तयार नव्हते. मला त्यांचा भयंकर राग आला. तो राग वर्षभर टिकला, आणि त्या वर्षभर दर रविवारी ते आमच्या ओसरीवर येऊन मला नववीचे बीजगणित शिकवत राहिले. मी तोंड फुगवून गणिते सोडवत असे.

पुढच्या वर्षी कमिटी पुन्हा बसली. मास्तरांनी शेठजींकडे रदबदली करून मला कमिटीपुढे बोलू देण्याची परवानगी काढली. मी विचारले, "कोणती बाजू?" ते म्हणाले, "दोन्ही. कोनती आधी, ते तू पाह्यजो."

शेठजींना यंदाही तीच पॅसेंजर गाठायची होती, आणि गाडीची वेळ मला पाठ होती. तरी मी विरुद्ध बाजूच आधी घेतली. रस्ता, शिक्षिका, खोली. मास्तरांचे सगळे मुद्दे मी त्यांच्याच क्रमाने मांडले. शेठजी मान डोलवू लागले. मग मी म्हणाले, "यात पोरींचा दोष कुठे आला? रस्ता शाळेने मोकळा करायचा, बाई शाळेने नेमायची, खोली शाळेने बांधायची. म्हणजे विषय 'पोरींनी शाळेत बसावे का' असा नाहीच. शाळा आपले काम कधी करणार, हा विषय आहे." सिग्नल पडला. शेठजींनी टोपी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. पॅसेंजर सुटल्याचा आवाज आला तेव्हा ते खुर्चीतच होते, आणि खोलीसाठी भिंत कुठे घालावी हे विचारत होते. मास्तर खिडकीबाहेर बघत सुपारी कातरत होते.

मी मॅट्रिक झाले त्याच उन्हाळ्यात मास्तर नोकरी सोडून मुलाकडे जबलपूरला निघाले. आम्ही चारपाच जण स्टेशनवर गेलो. मी विचारले, "मास्तर, सिंदीची आठवण येईल ना?" त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "मानसानं या गावात राहूच नये. धूळ पाहा केवढी. उन्हाळ्यात विहिरी आटते. कापसाचा कचरा नाकातोंडात जाते. लोकं अर्धं ऐकते अन् उठून जाते..."

गाडी हलली. मी गाडीबरोबर चालू लागले. ते अजून बोलत होते, पण शब्द कळत नव्हते. पुढे दोन वर्षांत ते तिकडेच वारले, म्हणून ती भेट शेवटची ठरली. त्या दिवशी मला ऐकू आली ती विरुद्ध बाजूच होती, आणि दुसरी बाजू काय होती हे मला माहीत होते. प्लॅटफॉर्म संपला तिथे मी उभी राहिले आणि रडले.