पितळी झडप

भाचीची पाठवणी तिच्या आजोबांच्या मोटारीतूनच होईल, असे आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या भगिनीच्या यजमानांनी, लग्न ठरले त्याच दिवशी जाहीर केले होते. धायरीतील त्यांच्या शेतावर तोवर संगणक कंपन्यांतील नोकरदारांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. वडिलांची म्हणून ती जुनी मोटार तेवढी उरली होती.

मोटार तापत असे. बिबवेवाडीच्या मेकॅनिकने इंजिनातून थर्मोस्टॅट काढून दाखवला. पाणी पुरेसे तापले की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी ही पितळी झडप क्षाराने पुरती आवळली होती.

"फेकून द्या. पुण्यात निम्म्या जुन्या गाड्या याच्याविना पळतात."

"वडलांच्या येळची हाय ती," दाजी म्हणाले.

कोर्टाबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेलेली असल्याने मत देणे मला प्राप्तच होते. "मूळ ते मूळ. आमच्याकडे नकलेवर काही सिद्ध होत नाही."

"अहो, पण तुमचं कोर्ट कात्रजचा घाट चढत नाही."

तरीही त्याने झडप व्हिनेगरमध्ये भिजवली, घासली आणि दोऱ्याने बांधून उकळत्या पातेल्यात सोडली. ती उघडली. गार झाल्यावर मिटली. पुन्हा तापवली तेव्हा बराच वेळ काहीच घडले नाही. मग ती दचकल्यासारखी उघडली. दाजी हसले. मेकॅनिक हसला नाही.

झडप बसवून तो म्हणाला, "तापमानाचा काटा चढला तर थांबा. आणि चढलेला काटा एकदम पडला, तर जागेवर इंजिन बंद करा. पाणी संपलं की काट्याला काही कळत नाही."

पाठवणीला दाजी स्वतः चालवत होते. मी शेजारी, भाची मागे. घाट लागताच काटा चढू लागला.

"दाजी, थांबा."

"बोगद्यापाशी थांबू. मागं व्याही हायेत, त्यांच्यादेखत नको."

तापलेल्या रबराचा वास आला. भाचीने काच खाली केली. आणि काटा पडला.

"बघा पाव्हणं, उतरला का न्हाय!"

"दाजी, किल्ली फिरवा. बंद करा!"

त्यांनी फिरवली नाही. पुढच्या वळणावर आत लोखंड तडकले आणि मोटार आपण होऊन थांबली.

व्याह्यांची नवी वातानुकूलित गाडी शेजारी उभी राहिली. भाची उतरून तिच्यात बसली. दाजी खिडकीशी वाकून काही सांगत होते. काचा बंद असल्याने तिला ते ऐकू गेले नसावे. गाडी बोगद्यात शिरली.

आमच्या मोटारीच्या बॉनेटखाली बराच वेळ काहीतरी टकटकत राहिले. बॉनेट उघडायला दाजींचा हात पुढे झाला नाही, माझाही नाही.