राज्य देऊन जायचं

रहाटणीपासून चाकणपर्यंत जेवढे म्हणून कोपरे आहेत, त्या सगळ्यांशी आमच्या बसमधल्या काकांचं वैयक्तिक भांडण होतं. माणसांशी त्यांचं कधी वाजलं नाही, पण कोपरा दिसला की कपाळाला आठी पडायची. भिंतीचा कोपरा, सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा, लग्नाच्या हॉलात जेवणाची रांग वळते तो कोपरा. ज्याच्या पलीकडचं दिसत नाही अशा प्रत्येक जागेला ते ‘आंधळा कोपरा’ म्हणत, आणि म्हणताना आवाज असा काढत की जणू तो कोपरा त्यांचा बिघडलेला जावई आहे. मी सहा वर्षं त्यांच्याबरोबर कंपनीच्या बसने गेलो-आलो. त्या सहा वर्षांत एकाही वळणावर ते न थांबता, न खाकरता वळलेले मी पाहिले नाहीत.

कंपनीत ते सेफ्टी विभागात होते. आमचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. रॅकच्या गल्ल्यांतून दिवसभर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट फिरायच्या आणि कोणी त्यांच्या आडवं येऊ नये ही काकांची जबाबदारी. जागोजागी त्यांनी ते गोल, फुगीर आरसे लावून घेतले होते, ज्यात पलीकडची गल्लीही दिसते आणि आपलं नाकही नको तेवढं दिसतं. आरसा कुठं लावायचा हे ते सुतळीने ठरवत. खिशात सुतळीचा गुंडा कायम. एक टोक ड्रायव्हरच्या सीटला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधायचं आणि दुसरं ताणून धरत चालत जायचं. सुतळी जिथं रॅकला टेकली तिथं नजर संपली. एकदा परदेशी पाहुणे कारखाना बघायला आले आणि आमच्या मॅनेजरसकट सगळे त्या सुतळीत अडकले. मॅनेजर घामाघूम झाले. काकांनी मात्र पाहुण्यांमधल्या सर्वांत उंच माणसाच्या हातात सुतळीचं टोक दिलं आणि खुणेनेच, जरा वर धरा, असं सांगितलं. तो गृहस्थ दहा मिनिटं अतिशय गंभीर चेहऱ्याने ते टोक धरून उभा राहिला. जाताना त्याने मॅनेजरपेक्षा काकांचाच हात जास्त वेळ हलवला.

नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ते आरशाखाली उभं करून एकच धडा द्यायचे. काका मूळचे मावळातले. इतकी वर्षं कारखान्यात काढूनही भाषा त्यांनी गावचीच ठेवली होती. “आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसत्यात का? न्हाई? मग तूबी त्याला दिसत न्हाईस. आन् दिसत न्हाईस म्हंजे त्याच्यासाठी तू हाईसच न्हाई.” मलाही पहिल्या दिवशी हे ऐकावं लागलं होतं. लातूरहून नुकताच आलेला मी, या शहरात मी कोणासाठीच नव्हतो, त्यामुळे ते वाक्य मला उगाचच लागलं होतं.

बसमध्ये मी, वेल्डिंगचा गणेश आणि स्टोअर्समधली सुषमा असे तिघं मागच्या सीटवर बसून फोनवर एक लपाछपीचा गेम खेळायचो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, सगळीकडे गाड्या तुंबलेल्या. सव्वा तास काढायचा तर काहीतरी पाहिजेच. गेममध्ये एक मोठं गोदाम होतं. पिंपं, खोकी, रॅक. एकाने शोधायचं, बाकीच्यांनी लपायचं, आणि माईक चालू ठेवला की एकमेकांचे आवाज ऐकू यायचे. काका महिनाभर आमच्या खांद्यांवरून नुसते बघत होते आणि उसासे टाकत होते. शेवटी एके दिवशी सुषमा एका रॅकमागे लपली आणि त्यांना राहवलं नाही. हे असं लपतात का, असं म्हणून त्यांनी तिचा फोन काढून घेतला आणि तो चाकण येईपर्यंत परत दिला नाही.

मग जे सुरू झालं त्याला खेळ म्हणणं अवघड आहे. आयुष्यभर ज्या माणसाने आंधळे कोपरे बुजवले, तो आता त्यांच्यात राहायला गेला होता. लांब पळायचं नाही, असं त्यांचं सांगणं; शोधणारा आधी लांब बघतो, म्हणून त्याच्या पाठीमागच्या पहिल्या पिंपाआडच बसायचं. पूर्ण झाकणारा आडोसा घ्यायचा नाही, कारण तिथं कोणीही आधी डोकावणार. त्याऐवजी दोन अर्धे आडोसे असे निवडायचे की शोधणारा कुठूनही आला तरी त्यांतला एक मध्ये येईल, आणि तो जसा सरकेल तसं आपण सरकायचं. एका गोष्टीचा मात्र त्यांना शेवटपर्यंत राग होता. गेममध्ये आपण आपल्यालाच मागून, थोडं वरून बघतो, त्यामुळे पिंपाआड बसलेल्याला बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरच्याला तो दिसत नाही. याला ते सरळसरळ लबाडी म्हणायचे. त्या लबाडीचा सगळ्यांत जास्त फायदा तेच घ्यायचे, ही गोष्ट वेगळी.

शोधणाऱ्याला गेममध्ये काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं. ते काकांनी पहिल्याच आठवड्यात रद्द केलं. ज्याच्यावर राज्य, त्याने शोधायचं. गेममधलं घड्याळही त्यांनी गणेशला काढून टाकायला लावलं. शेवटचा माणूस सापडेपर्यंत डाव चालायचा. आणि नियमांत नियम म्हणजे राज्य अर्धवट टाकून जायचं नाही. लहानपणी त्यांच्या गावात राज्य न देता जेवायला पळालेल्या पोरांची नावं त्यांना अजून पाठ होती, आणि त्यांतल्या, पुढे सरपंच झालेल्या एकाला ते त्याच कारणावरून अजून मानत नव्हते. त्यांच्यावर राज्य आलं की आमची धडगत नसायची. काळेवाडी फाट्यावर मोजायला लागले तर नाशिक फाट्याच्या आत तिघंही बाद. दयामाया नाही. सुषमाच्या वाढदिवशी गणेशने त्यांना कानात सांगितलं, आज तिला जरा उशिरा शोधा. काकांनी मान डोलावली आणि तिला सर्वांत आधी शोधलं. दिसलेलं माणूस दिसलं नाही असं म्हणणं त्यांना जमतच नव्हतं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराच्या वस्तू पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. घर माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, एका बेडरूमचं. आत पाऊल टाकलं आणि हसू आलं. स्वयंपाकघर आणि बेडरूम यांच्यामधल्या बोळात, छताजवळ, कारखान्यातला असतो तसाच गोल आरसा होता. काका, घरात पण फोर्कलिफ्ट येते की काय, असं मी विचारलं. तेही हसले. मग चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं. काकू शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. पलंगावरून ओटा दिसायचा नाही. सुतळी धरून त्यांनी जागा नक्की केली होती. सुतळीचं दुसरं टोक काकूंनी धरलं होतं.

“मला ती दिसावी म्हणून न्हाई लावला,” काका म्हणाले. “मी तिला दिसावा म्हणून. आरशात दिसत हाय तवर माणूस घरात हाय असं वाटतंय.”

आता पलंग रिकामा होता. आरसा का काढला नाही हे मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं की काढला तर तो कोपरा परत आंधळा होईल.

निवृत्तीनंतरही त्यांनी बस सोडली नाही. म्हणजे ते घरी असायचे, पण सकाळी सहा दहाला, बस रहाटणीतून निघायच्या वेळी, ते गेममध्ये हजर. दुपारी साडेतीनला, आम्ही सुटायच्या वेळी, पुन्हा हजर. आंघोळ करून, शर्ट खोचून बसतात, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं होतं. त्यांच्या माईकमधून छताच्या पंख्याची कटकट, कुकरची शिट्टी, सगळं आमच्या बसमध्ये ऐकू यायचं. पंख्याला तेल घाला, असं आम्ही सांगायचो. ते हो म्हणायचे आणि घालायचे नाहीत.

एका सोमवारी राज्य माझ्यावर होतं. चाकणच्या चौकात डाव सुरू झाला, गणेश आणि सुषमा सापडले, आणि अचानक वाट मोकळी होऊन बस गेटला लागली. आमच्याकडे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा नियम. घाईत ठेवला आणि विसरलो. साडेतीनला फोन हातात घेतला तर गेम चालूच, गेममधल्या आमच्या खोलीत दोन जण. फोन अडकला असेल असं मला वाटलं. तेवढ्यात पंख्याची कटकट ऐकू आली. मी काका, काका करून हाक मारली.

“हळू बोल,” काका कुजबुजले. “लपलोय मी.”

बस मोशीपर्यंत हसत होती. जेवलात की नाही, असं सुषमाने विचारलं, तर म्हणाले, एका हाताने जेवलो. ते चिडले नव्हते. पुढच्या वेळी राज्य देऊन जायचं राव, एवढंच मला म्हणाले. मीही हसलो. घरी पोचल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात आली आणि हसू गेलं. त्या गेमचं असं होतं की फोन आला की डाव तुटायचा, माणूस खोलीबाहेर फेकला जायचा. मला कामाच्या वेळात कोणी फोन करत नसे, पण काका घरी असून आठ तास आत होते. म्हणजे त्या आठ तासांत त्यांना कोणाचाही, साधा चुकीचा नंबर लागूनसुद्धा, फोन आला नव्हता.

हे कळूनही मी काय केलं? काही नाही. गणेशने मोटरसायकल घेतली, सुषमाची नाशिकच्या कारखान्यात बदली झाली. मला तळेगाव दाभाड्याला बरी नोकरी मिळाली. मी चिंचवडहून लोकलने जायला लागलो. बसमधल्या माझ्या शेवटच्या दिवशी राज्य नेमकं माझ्यावरच होतं आणि काका सापडले नव्हते. उद्या शोधतो काका, असं मी म्हणालो. ते बरं म्हणाले. तो उद्या तीन महिने आला नाही. सकाळी सहा दहाला फोनवर गेमची सूचना यायची, खोलीत एक जण आहे म्हणून. मी ती बोटाने बाजूला सारायचो. भाजीला जाताना त्यांच्या इमारतीसमोरून जायचं टाळायचो. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस आणखी लांबून जातो. आडोसा कसा घ्यायचा हे मला त्यांनीच शिकवलं होतं आणि मी तो त्यांच्यापासूनच घेत होतो.

गेल्या महिन्यात, एका दुपारी, तळेगावच्या फलाटावर लोकलची वाट बघत उभा होतो. साडेतीन झाले होते. सूचना आली, आणि का कोण जाणे, त्या दिवशी मी ती बाजूला सारली नाही. गोदाम उघडलं. जुना डाव कधीच तुटला होता, पण खोलीच्या हिशेबात राज्य अजून माझ्यावरच होतं. शोधायला कुठून सुरुवात करावी याचा विचार करत वळलो, तर काका समोर उभे. कुठल्या पिंपाआड नाही, रॅकमागे नाही. गोदामाच्या मधोमध, मोठ्या दिव्याखाली, जिथं चारी बाजूंच्या गल्ल्या येऊन मिळतात आणि जिथं उभा राहिलेला माणूस गोदामाच्या कुठल्याही टोकावरून दिसतो, अशा जागी. ज्या माणसाला मी इतक्या वर्षांत कोणी सांगितल्याशिवाय एकदाही शोधू शकलो नव्हतो, तो मला दिसावा म्हणून उभा होता. फलाटावर माणसं होती म्हणून, नाहीतर मी रडलो असतो.

“दिसलात, काका,” मी म्हणालो.

“व्हय,” ते म्हणाले. “आता राज्य माझ्यावर. लप तू.”

त्यांनी मोजायला सुरुवात केली. मी लपायचं नाटक केलं. इतक्या दिवसांनी आलोय, निदान त्यांना लगेच सापडू, असा विचार करून एका पिंपाआड असा बसलो की अर्धा बाहेरच होतो. डोकं बाहेर, खांदा बाहेर. काका आले. माझ्या समोरून गेले. रॅकपर्यंत जाऊन परत आले, पुन्हा समोरून गेले. पंख्याची कटकट येत होती. तिसऱ्यांदा ते माझ्यापासून दोन पावलांवर थांबले, माझ्याकडे तोंड करून. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आणि मग कळलं. या माणसाला माशीसुद्धा कुठल्या कोपऱ्यात बसली आहे ते दिसतं. मी त्यांना पहिल्या फेरीतच दिसलो होतो. पण मी सापडलो की डाव संपणार होता.

“सापडंना झालायस लेका,” काका म्हणाले. “चांगला लपायला शिकलास.”

तेवढ्यात फलाटावर घोषणा झाली, लोकल शिरली, डब्यांचा खडखडाट त्यांच्यापर्यंत पोचला असणार.

“गाडी आली वाटतं तुझी?”

“ती माझी नाही, काका,” मी म्हणालो. “तुम्ही शोधा.”

गाडी थांबली, माणसं चढली, गाडी गेली. पुढची यायला बराच वेळ होता. मी बाकावर बसलो, फोन दोन्ही हातांत धरला, आणि काका पुन्हा एकदा माझ्या पिंपासमोरून सावकाश निघून गेले.