क्लॅरीने सांगितलेलं खोरं

मोठ्या शिंगांचा हरणाचा नर कुठे मिळेल हे आयव्हरला विचारायचं, आणि तो सांगेल तिथे अजिबात जायचं नाही. आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही हे माहीत. खरं खोरं एकदा तोंडातून सुटलं की पुढच्या वर्षी तिथे तंबूच तंबू. म्हणून सगळेच थापा मारतात. पबमध्ये मारतात, बायकोला मारतात, आणि संध्याकाळी गावातून रेडिओ चालवणारी डल्सी एकेका झोपडीला विचारते की उद्या कुठे, तेव्हा तिलाही मारतात. रेडिओ सगळं रान ऐकत असतं ना.

आयव्हर आणि क्लॅरी तर सख्खे दोस्त. दर एप्रिलला, आमच्याकडचा हिवाळा तोंडावर आला आणि नर डुरकायला लागले की, डोंगरातल्या त्याच पत्र्याच्या झोपडीत. एका किटलीतला चहा, एका तव्यातली कलेजी. पण पहाट झाली की हा डावीकडे, तो उजवीकडे. शिकार ज्याची त्याची.

चार वर्षांमागे अशाच एका पहाटे क्लॅरी बूट चढवत म्हणाला, "मी बर्नेटला." गेला तो गेलाच. हेलिकॉप्टर आलं, कुत्री आली, गावातले सगळे बाप्ये बर्नेटच्या खोऱ्यात रांगा धरून फिरले. टोपीसुद्धा नाही मिळाली. पोलिसांनी हात टेकले. आयव्हरने नाही टेकले. दर वर्षी तो बर्नेटच निवडायचा. तिथे धड शिंगांचा नर उरला नव्हता, लोक मागे हसायचे. हसोत. झोपडीत तो अजून कप दोन काढायचा. एक भरायचा, एक नुसता ठेवायचा.

यंदा निघताना क्लॅरीच्या बायकोने, नोएलीनने, मटणाची सँडविचं बांधून दिली.

"कुठे यंदा?"

"बर्नेट."

"तुझा गुडघा बघ आधी. जिना चढताना रडतोस."

"रडत नाही, शिव्या देतो."

ती हसली नाही. "पाद्री परत आला होता. म्हणतो, प्रार्थना करू, चार माणसं बोलवू, मोकळी हो. नवरा डोंगरात टाकून मी लोकांना केक वाटू?"

"नको वाटूस."

"मग आण त्याला. बुटाची नाडी आण, पण आण. नाहीतर स्पष्ट सांग, नाही जमत म्हणून. मी तुझ्या वाटेकडेही नाही बघणार मग."

आयव्हरने सँडविचं पिशवीत कोंबली. गुडघा पुढच्या वर्षी इथवर चढणार नाही, हे त्याने तिला सांगितलं नाही.

बर्नेटमध्ये दोन दिवस नुसतं धुकं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पडलेल्या बीचच्या झाडाच्या ओंडक्यावर बसला होता आणि वरच्या रानातून डुरकणी आली. लांब, जाड, आणि शेवटी घशात काही अडकल्यासारखा खोकला.

आयव्हरच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. असा आवाज अख्ख्या डोंगरात एकच माणूस काढायचा. नरांना जवळ बोलवायला क्लॅरी व्हॅक्यूम क्लीनरच्या जुन्या नळीतून डुरकायचा. "दम्याचा नर आला रे," आयव्हर चिडवायचा, "हरणी औषध घेऊन येतील बघ तुला."

परत आला आवाज. तोच खोकला.

आमच्यात नियम आहे. रानात उत्तर आलं आणि जरा जरी शंका आली, तर मोठ्याने ओरडायचं, माणूस आहे म्हणून. दोन शिकारी एकमेकांना नर समजून जवळ बोलवतात आणि मग एकाला खांद्यावरून खाली आणावं लागतं. आयव्हरला नियम पाठ होता. पण ओरडलं तर तो आवाज थांबला असता. चार वर्षांनी आलेला आवाज. तोंडाभोवती हात धरून तो डुरकला. उत्तर आलं, आणखी जवळून. त्याने बंदूक ओंडक्याला टेकवून तिथेच सोडली आणि तो मोकळ्या हातांनी शेवाळातून वर चढायला लागला. मेलेल्या माणसाला भेटायला बंदूक कशाला?

समोरचे नेचे हलले. त्यातून नळी नाही, बंदुकीची नळी आली.

"कोण आहे?"

 बंदूक हळूहळू खाली झाली. मागे एक दांडगा माओरी गडी, चेहरा पांढराफटक.

"ओरडायचं असतं ना, मतुआ," तो म्हणाला. म्हातारा दिसला म्हणून मतुआ, म्हणजे काका, पण आवाजात शिवी होती. "माझं बोट चापावर होतं. बोट." 

त्याच्या गळ्यात नळी लटकत होती. करडी, टोकाला तडकलेली, निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. खोकला त्या तड्याचा होता. इतकी वर्षं आयव्हरला वाटायचं, क्लॅरीच्या छातीचा आहे.

"ही कुठे मिळाली?"

"इथेच. खाली ओढ्यात."

"खोटं."

"तू कोण विचारणारा?"

आयव्हरने सांगितलं कोण ते. कुणाची नळी, कोण घरी वाट बघतंय. तो गडी, नाव त्याचं टिपेने, गळ्यातली नळी काढायला लागला.

"थिंबल," तो शेवटी म्हणाला. "वरच्या खिंडीच्या पलीकडचं खोरं. मागच्या वर्षी, दरडीच्या पायथ्याला. मला वाटलं कुणाची पडली असेल."

थिंबल. म्हणजे क्लॅरीने शेवटच्या सकाळीही थाप मारली होती. आयव्हरला आधी संताप आला. मग आठवलं, त्या सकाळी आपणही खालच्या नदीला जातो म्हणालो होतो आणि गेलो होतो भलतीकडेच.

गुडघ्याला शिव्या देत तो टिपेनेच्या खांद्यावर रेलून खिंडीत चढला. दोघांनी पलीकडे बघितलं. गवतावर नरच नर. एकाच्या शिंगांना तर आयव्हरने आयुष्यात मोजली नसतील इतकी टोकं. यासाठी कुणीही खोटं बोललं असतं.

टिपेनेने दुर्बीण दरडीकडे वळवली आणि आयव्हरच्या हातात दिली. नुकत्याच घसरलेल्या दगडांमध्ये नारिंगी कापड होतं. क्लॅरीचा शर्ट नारिंगी होता.

खाली ओढा फुगलेला, उतरणं शक्य नव्हतं. दक्षिणेकडून आभाळ काळं होत होतं. बर्फ पडला की दरड पुन्हा झाकली जाणार.

"गावात जाऊन पोलिसांच्या कानात सांगता येईल," टिपेने म्हणाला. "हळूच."

"चालत? तू एकटा पळत गेलास तरी वेळ लागणार. तोवर बर्फ."

"रेडिओवर सगळे ऐकतील, मतुआ. ही जागा संपली मग."

"हो. संपली."

संध्याकाळी झोपडीत रेडिओ खरखरला. डल्सीने हवामान सांगितलं, मग एकेकाला हाक मारली. "आयव्हर, उद्या कुठे?"

"क्लॅरी दिसलाय, डल्सी. हेलिकॉप्टर लागेल. बर्फाच्या आधी."



"कुठे?"

"थिंबलमध्ये."

"आयव्हर," ती जपून म्हणाली, "मला माणसं पाठवायचीत. खरं सांगतोयस ना?"

"थिंबलच्या वरच्या टोकाला, खिंडीखाली, पूर्वेची दरड. मोठा पांढरा खडक आहे, त्याच्या डावीकडे. लिहून घे. ज्याला ज्याला ऐकू येतंय त्यानेही लिहून घ्या."

 मग कुठल्यातरी दुसऱ्या झोपडीतून एक अनोळखी आवाज आला.

"आम्ही चौघं आहोत खालच्या बाजूला. दोर आहेत आमच्याकडे. पहाटे निघतो." जरा थांबून तो म्हणाला, "बंदुका इथेच ठेवतो."