मागून आणलेली कुंची

आमच्या घरात चिंधी टाकून द्यायची नाही, असा आईचा नियम होता. नियम कसला, व्यसनच ते. वडील गिरणीतून मांजरपाटाचे तुकडे आणायचे, नव्या पेठेतला एक शिंपी आईसाठी कातरणाचं पोतं बाजूला ठेवायचा, आणि त्या पोत्यातलं कापड रंगाप्रमाणे निवडायचं काम माझ्याकडे असायचं. मला त्याचा मनस्वी कंटाळा यायचा. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. एकदा मी बोटभर तुकडा नाचवून विचारलं, "याचं काय करणार आहेस?" आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "तुझं बोट कापलं की बांधीन."

मोठा दुष्काळ पडला त्या साली आमच्या गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाजारातून वाण आणायचं नाही. जे द्यायचं ते स्वतःच्या हातानं केलेलं द्यायचं. दुष्काळ सरला, पण ठराव राहिला. मग काय, पौष लागला की घरोघरी गुपचूप कामं सुरू. तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातली वदिना, म्हणजे वहिनी, मागावरच्या उरलेल्या दोऱ्यांचे गोंडे करायची. कोपऱ्यावरच्या काकूंनी ओळीनं तीन वर्षं लोकरीचे कसलेसे गोल दिले. ते कशासाठी आहेत हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आईच्या वाणाची मात्र सगळ्या वाट बघायच्या, हे मी लेक म्हणून सांगत नाही, खरंच बघायच्या.

आई सगळं शिवायची. परकर, पोलकी, उशांचे अभ्रे, गोधड्या. फक्त बाळाचं काही शिवायची नाही. आम्ही या गल्लीत राहायला येण्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ पाच महिन्यांचा होऊन तापानं गेला होता. त्यानंतर कोणी झबल्या-टोपड्याचं कापड घेऊन आलं की आई म्हणायची, "मला ते जमत नाही." दोन-तीन जणींना तसंच परत पाठवल्यावर कोणी विचारेनासं झालं. आईनं त्याबद्दल काही सांगितलं नाही, आणि मलाही कुठे बोलायचं नाही असं बजावलं होतं.

समोरच्या घरात अक्का राहायच्या. त्यांच्या मालकांचं भुसाराचं दुकान होतं. घरात कानडी चालायची, बाहेर मराठी. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मालक बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालायचे, तेव्हा अक्का ओट्यावर अशा उभ्या राहायच्या, की जत्रा यांच्याच घरची. बाई मनानं चांगली, पण ताठ. विरजण संपलं तर त्या दिवशी दही लावणार नाहीत, पण शेजारी वाटी पाठवणार नाहीत.

त्या वर्षी अक्कांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. ती अक्कलकोटच्या बाजूला दिलेली. आधीची दोन बाळं सासरी झाली आणि दोन्ही आठवड्याच्या आत गेली. आता तिसरी खेप. सासरहून निरोप आला होता, की या वेळी बाळाचं पहिलं कापड मागून आणलेलं असावं. ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती. मूल जगत नसेल तर बाळाच्या आजीनं घरोघरी जाऊन पदर पसरायचा, मिळतील त्या चिंध्या जोडून बाळाला अंगडं शिवायचं. आपलं नव्हे, दुसऱ्यांचं लेकरू आहे असं समजून मग त्याला कोणी नेत नाही. आणि त्या चिंध्या ज्या घरात मूल दगावलं नाही अशाच घरच्या हव्यात, असंही म्हणायचे.

अक्का तो निरोप ऐकून फणकारल्या होत्या. "आमच्यात देत्यात. मागत न्हाईत."

त्यांच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्याकडे डाळिंबी खणाची एक कुंची होती. बाळाचं डोकं झाकून पाठीवर रुळते ती कुंची. अक्कांच्या आईनं स्वतःच्या चोळ्यांचे खण जोडून ती शिवली होती. अक्कांची सगळी मुलं ती घालून वाढली आणि सगळी जगली. लेकीच्या दोन बाळांना मात्र ती लाभली नाही, कारण सासूनं आपल्या घरची कुंची घातली होती. अक्कांच्या लेखी सगळं त्यातच आलं. त्यांनी कुंची काढली, नवं अस्तर लावायचं म्हणून उसवली, धुतली, आणि जुन्या इरकल लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवली.

त्याच लुगड्याच्या दुसऱ्या फडक्यात त्यांनी आईसाठी चिंध्या बांधल्या होत्या. पुढे काय झालं ते सांगायलाच नको. आईला गाठोडं द्यायच्या दिवशी त्यांनी चुकीचं उचललं.

आईनं गाठोडं सोडलं आणि हरखली. खण, आणि तोही असा मऊसूत! कडेला उसवलेल्या टाक्यांच्या खुणा होत्या, पण जुनी चोळी उसवली असेल असं तिला वाटलं. तिनं त्या खणाचे गोल कापले, आतून मांजरपाट लावलं, तोंडाशी भोकं पाडून नाडी ओवली आणि बटवे केले. देखणे झाले होते. एक मला मिळाला, त्यात मी सागरगोटे ठेवले. बाकीचे आईनं आमच्या हळदीकुंकवाला वाटले.

अक्का उशिरा आल्या, जत्रेचे पाहुणे होते म्हणून. तोवर सगळ्या बायका वाण घेऊन गेल्या होत्या. आईनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला, बटवा हातावर ठेवला. अक्कांनी तो उलटसुलट पाहिला. एका जागी डाळिंबी रंगात पिवळ्या दोऱ्याचा रफू होता. त्याच्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"वैनी, हे कापड कुटलं ओ?"

"तुम्हीच दिलेलं की, अक्का. गाठोड्यातलं."

अक्कांनी नाडी सोडून बटव्याची आतली बाजू पाहिली. कानडीत काहीतरी म्हणाल्या. मला त्यातलं 'अव्वा' एवढंच कळलं, म्हणजे आई. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि उठून गेल्या. भांडल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर आईला बरं वाटलं असतं. गाठोडं त्यांनी दिलं, कात्री आईनं चालवली, आता कोणी कोणाला बोलायचं? दुसरी कोणी असती तर "नवी शिवून देते" म्हणाली असती. आईला तेही म्हणता येईना. त्या दिवशी आमच्याकडे भाजी करपली आणि वडिलांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी आई मला घेऊन समोर गेली. लेक आतल्या खोलीत निजली होती.

"मी सगळ्यांकडून परत मागून आणते," आई म्हणाली.

"दिल्यालं वाण माघारी मागत्यात व्हय? सवाष्णीची वटी रिकामी करायची? नगं."

"वाण मागता येत नाही," आई म्हणाली. "पण बाळासाठी चिंधी मागता येते. तुम्हीच मागायची, अक्का. पदर पसरून."

अक्कांचा चेहरा असा झाला, की मी आईच्या मागे सरकले. "जावा तुमी घरला," एवढंच त्या म्हणाल्या.

दोन-तीन दिवस समोरचं दार बंद. आई मशीनवर बसायची आणि काही न शिवता उठायची. मला आईचा राग आला होता. इतकं तोंडावर कशाला बोलायचं? चार दिवसांनी सकाळीच अक्का आमच्या ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या. धुतलेलं इरकल, कपाळाला विभूती, पायात काही नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "मला एकलीला जमायचं न्हाय."

मग आम्ही निघालो. पुढे अक्का, मागे आई, त्यांच्यामागे मी. प्रत्येक दारात अक्का पदर पसरायच्या आणि खाली बघत म्हणायच्या, "लेकीच्या बाळाला चिंधी द्या." ज्या बाईनं कधी कोणाकडे वाटीभर साखर मागितली नाही तिचा पदर पाहून बायका आधी गडबडायच्याच. मग आई खालूनच सांगायची, "तो खणाचा बटवा द्या." आई कुठल्याच घराची पायरी चढली नाही. मी चढले तर मलाही दंडाला धरून खाली ओढलं.

बटव्यांची काय गत झाली होती! एकीनं त्यात बटणं भरली होती, ते एक ठीक. एका घरी आजोबांनी त्यात तंबाखू ठेवून त्याची चंची केली होती. वदिनेनं तो पाळण्याला खेळणं म्हणून टांगला होता. लोकरीचे गोल देणाऱ्या काकूंनी तर तो आधीच नणंदेला वाण म्हणून देऊन टाकला होता. नणंद जवळच राहायची म्हणून बरं, काकू स्वतः जाऊन घेऊन आल्या. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढं खपून केलेलं वाण, आणि आठवडा नाही झाला तर ही दशा. पण कोणी नाही म्हटलं नाही. आतलं सामान तिथल्या तिथे ओतून बायकांनी बटवे अक्कांच्या पदरात टाकले, आणि एकीनं बरोबर नारळही दिला.

शेवटी आम्ही आमच्या दाराशी आलो. मला वाटलं, झालं. मी आत जाऊन सागरगोटे फळीवर ओतले आणि बटवा घेऊन आले. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हा नको, अक्का. नवीन खण आणून देते त्याऐवजी."

"का ओ?"

"आमच्या घरचं चालायचं नाही." मग आईनं सांगितलं. मुलगा होता, पाच महिन्यांचा झाला होता, गेला. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. या गल्लीत ती हे पहिल्यांदाच बोलत होती.

अक्कांनी पदर मागे घेतला नाही. "ठाव हाय मला."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? तुमी लेकराचं कापड हातात घेत न्हाय, त्यावरनं सगळ्यास्नी कळलंय की." मग त्या म्हणाल्या, "वैनी, तसं घर बघाया गेलं तर आपल्या गल्लीत एक बी गावायचं न्हाय. वदिनेची दोन गेल्यात. काकूचं एक, देवी आल्या तवा. त्या तंबाखूवाल्याच्या सुनेचं पैलंच. समदी माझ्या डोळ्यादेखत." त्यांनी एकेका दाराकडे हात करून सांगितलं. ज्या दारांवर आम्ही आत्ता जाऊन आलो होतो त्यांतली बरीचशी त्यात आली. "मी सगळ्या गल्लीला मागाया निघाले. तुमचं घर काय गल्लीत न्हाय व्हय?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं. ती त्या दारांकडे बघत उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की हे आपल्या एकटीच्याच घरी झालंय. मला रडू आलं आणि ते लपवायला मी सागरगोटे गोळा करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा बटवा अक्कांच्या पदरात होता आणि आई डोळे पुसत होती.

पण अक्का गेल्या नाहीत. आत आल्या आणि पदरातले सगळे बटवे त्यांनी मशीनवर ओतले.

"मी शिंप्याकडून शिवून आणते," आई म्हणाली.

"कापलं तुमी. शिवायचं बी तुमीच."

आईनं बटवे उसवले. तंबाखूवाला तुकडा धुऊन तीनदा वाळवला तरी वास गेला नाही. नाडीची भोकं बुजवता येईनात, तेव्हा तिनं प्रत्येक भोकावर पिवळ्या दोऱ्यानं एकेक टाका घातला, अक्कांच्या आईच्या रफूसारखा. तुकडे पुन्हा जोडले, अस्तराला मऊ धोतर घेतलं. अक्का शेजारी बसून होत्या. डोक्याचा भाग बेतायची वेळ आली, तशा त्या म्हणाल्या, "डोस्कं लई बारकं असतंय वैनी. माप तांब्यावर घ्या, न्हायतर..."

आईनं तांब्या घेतला नाही. तिनं दोन्ही तळवे समोर धरले, बाळाचं डोकं धरावं तसे, आणि त्यांच्यामधल्या जागेकडे थोडा वेळ पाहिलं. मग कात्री उचलली.

फाल्गुनात मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला आई गेली. भाऊ गेल्यापासून ती कोणाच्या बारशाला गेली नव्हती. कुंची बाळाच्या डोक्यावर बरोबर बसली, ना सैल, ना घट्ट. तंबाखूचा वास येत होता. पोरगी शिंकली आणि सगळ्या बायका हसल्या. ती जगली, चांगली दांडगी झाली, आणि सुट्टीत आजोळी आली की गल्लीतली कुठलीही बाई तिला हक्कानं रागवायची. चिंधी दिली होती ना!

पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा पोत्यातलं कातरण निवडत बसले. आईनं मला फक्त मऊ तुकडे काढायला सांगितले. कशासाठी ते सांगितलं नाही. हळदीकुंकवाला तिनं प्रत्येकीच्या हातावर एकेक टोपडं ठेवलं, लहानसं, कानांवर येणारं, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेलं. ज्यांच्या घरी बाळ नव्हतं आणि व्हायची चिन्हंही नव्हती, त्या बायका कुरकुरल्या. काकू तर म्हणाल्या, "अहो, माझं वय काय, हे घेऊन मी करू काय?"

"ठेवून द्या," आई म्हणाली. "लागेल."