चौदा चिंचोके

बाबर सरांच्या सदऱ्याला दोन खिसे होते आणि दोन्हींत चिंचोके असत. डाव्या खिशात तपकिरी, उजव्यात फरशीवर घासून पांढरे केलेले. प्रत्येकी अठ्ठावीस. हा आकडा अंदाजाचा नाही, मी एकदा मोजून पाहिले होते. सर व्हरांड्यातून चालू लागले की खिसे वाजत आणि वर्ग आपोआप गप्प होई.

साताऱ्याच्या शाळेत मी गणित शिकवत असे, ते विज्ञान. मी सांगलीच्या पेठेतला, घरी शेत नाही. ते माण तालुक्यातल्या म्हसवडचे. वर्गात ते पुस्तकातली मराठी बोलत आणि शिक्षकांच्या खोलीत आले की माणची. माझी त्यांची खरी ओळख झाली ती नवा अभ्यासक्रम आला त्या वर्षी. मधल्या सुट्टीत त्यांनी टेबलावर खडूने दोन वर्तुळे काढली. एकाभोवती सात तपकिरी चिंचोके मांडले, दुसऱ्याभोवती सात पांढरे.

"ह्यो एक क्लोरीन, ह्यो दुसरा. बाहेरच्या कक्षेत सात-सात इलेक्ट्रॉन. दोघांला बी आठ पायजेत, आणि आपला सोडायला कुणीच तयार न्हाई."

मग त्यांनी एक तपकिरी आणि एक पांढरा चिंचोका उचलून दोन वर्तुळांच्या मधोमध शेजारी शेजारी ठेवले. "आता मोजा, गणितवाले."

मी मोजले. मधले दोन धरून डावीकडे आठ. तेच दोन धरून उजवीकडे आठ. एकूण सोळा. टेबलावर मात्र चौदाच होते.

"सर, हा हिशेब चुकला. तुम्ही दोन चिंचोके दोनदा मोजलेत."

"दोनदाच मोजायचे. त्यालाच सहसंयुज बंध म्हणत्यात. आमच्या मळ्यात विहीर हाय. माझ्या सातबाऱ्यावर हाय, दादाच्या बी सातबाऱ्यावर हाय. जावा, तिथं किती विहिरी घावत्यात बघा."

मला काही ते पटले नाही. चौदा म्हणजे चौदा. त्यानंतर मी दिसलो की ते खोलीभर ऐकू जाईल असे म्हणत, "आले बघा चौदा."

एकदा त्यांचा तास लांबला म्हणून मी दाराशी उभा होतो. फळ्याखालच्या टेबलावर हायड्रोजन क्लोराइड मांडले होते. हायड्रोजनचा एक चिंचोका, क्लोरीनचे सात. सामाईक जोडी मधे ठेवून सरांनी ती बोटाने जराशी क्लोरीनकडे सरकवली. "क्लोरीनची ओढ जास्त. म्हणून जोडी दोघांची असली, तरी ती मधोमध राहत नाही."

एका मुलीने विचारले, "मग सर, क्लोरीन ती घेऊनच का टाकत नाही?"

"वायू आहे तोवर नाही घेत. पाण्यात विरघळला की मात्र जोडी क्लोरीन घेऊन जातो आणि हायड्रोजन रिकाम्या हाताने सुटतो."

पुढे दुष्काळ पडला. सर साताऱ्यात, त्यांचे रान वाटेकऱ्याकडे. वाटेकऱ्याची आणि सरांच्या थोरल्या भावाची, दादांची, विहिरीच्या पाण्यावरून रोज वादावादी. शेवटी दादांनी निरोप धाडला, 'विहिरीवरचं नाव काढून दे, न्हाईतर मी मधनं भिंत घालतो.' दोन दिवस सरांचे खिसे वाजले नाहीत. मग मला म्हणाले, "रविवारी म्हसवडला चला. पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता करून द्या. तुमच्या आकड्याला दोघं बी नावं ठेवणार न्हाईत."

एसटीत मी बोलून गेलो, "सर, पाण्यात हा बंध टिकत नाही, हे तुम्हीच शिकवता."

"व्हय," ते म्हणाले. "म्हणून तर झोप न्हाई."

विहिरीला रोज चार तास इंजिन चालेल एवढेच पाणी येत होते. दादांची जमीन पाच एकर, सरांची तीन. म्हणजे अडीच तास आणि दीड तास. दादा साडेतीन तास उपसत होते. मी विहिरीच्या काठावर उभा राहून तक्ता वाचला.

"आकडा बरोबर हाय," दादा म्हणाले. मग भावाकडे न बघता, "माझी आठ जनावरं हायती. तुझ्या रानात यंदा काय हाय? कुसळं. पाणी तू वापरत न्हाईस शिवा, मग नाव कशाला पायजे?"

सर खाली पाण्याकडे बघत म्हणाले,

"पाणी ने तू. साडेतीन तास ने, लागलं तर चार बी ने. पर माझं नाव काढू नगंस. ते गेलं की मी हितं पावणा."

"वाटेकरी बोंब मारंल."

"त्याला मी सांगतो."

दादांनी उगाच इंजिनाचा पट्टा चाचपला. "च्या घेऊन जावा," एवढेच म्हणाले. भिंतीचा विषय पुन्हा निघाला नाही. परतताना सरांनी तक्त्याची घडी घालून तो मलाच दिला. "तुमचा आकडा बरोबर हाय. पर जोडी थोडी सरकली तर सरकू द्यावी. तुटली न्हाई म्हंजे झालं."

निवृत्तीला दोन वर्षे असताना सर छातीच्या दुखण्याने गेले. तेराव्याला मी म्हसवडला गेलो. दादांनी रुमालात बांधलेले चिंचोके माझ्यापुढे ठेवले.

"ह्येचं काय करायचा त्यो? तुमी चौदावरनं भांडला व्हता म्हणं."

मी अंगणात बसलो आणि क्लोरीन मांडला. सात इकडे, सात तिकडे, त्यांतले दोन मधे. दादांनी बोट लावून मोजले. ही बाजू आठ, ती बाजू आठ. मग सगळे ओंजळीत घेऊन पुन्हा मोजले. चौदा.

चिंचोके ओंजळीतच ठेवून ते म्हणाले, "परवा तलाठी आलता. त्याला म्हटलं, शिवाच्या जागी त्याच्या बायकोचं नाव लाव. विहिरीवर बी."

मग ओंजळ माझ्यापुढे धरून त्यांनी विचारले, "ह्यात चुकलंय कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हणालो.