डावीकडची सीट

बाबा पडले ते डोंबिवलीच्या भाजीबाजारात. शेवग्याच्या शेंगा घेऊन वळले, खाली पडलेल्या ओल्या पाल्यावरून पाय घसरला आणि डाव्या खुब्यावर आपटले. हाड मोडलं होतं. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जमिनीवर बसू द्यायचं नाही. खुर्ची उंच हवी. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर येता कामा नये."

मी एकुलती एक. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा डोंबिवलीत एकटे राहायचे आणि मी लग्न होऊन कोलशेतला, खाडीकाठच्या एका कोळी घरात आले होते. माहेरचे आम्ही मूळचे कोकणातले, शाकाहारी, बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. माझ्या लग्नाला त्यांनी विरोध केला नव्हता. लग्नात उभे राहिले, कन्यादान केलं, सगळं व्यवस्थित. पण नंतर आमच्या घरी ते कधी जेवले नाहीत. माझ्या नवऱ्याला ते 'जावईबापू' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, आणि त्यात इतकं अंतर असायचं की समोरच्याने आपोआप दोन पावलं मागे सरावं. नवरा तसा मागेच राहायचा. त्यालाही फार बोलायची सवय नव्हती. तो कोलशेतच्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला होता.

आमच्याकडे एक छोटी जुनी गाडी होती. नव्वद सालाच्या आसपास नवऱ्याने एका साहेबाकडून घेतलेली. बाबा वॉकर सोडून काठीवर चालायला लागले तेव्हा त्यांना तपासणीला ठाण्याला न्यायचं होतं, म्हणून आम्ही ती घेऊन गेलो. पुढची सीट इतकी खाली होती, की पाट मांडून जमिनीवर बसल्यासारखं वाटायचं. बाबा उंच माणूस. कसेबसे आत शिरले. गुडघे छातीशी आले. रस्ताभर त्यांनी दाराची कड घट्ट धरून ठेवली होती.

परत आलो तेव्हा संध्याकाळ होती. बिल्डिंगच्या दारात बायका बोलत उभ्या होत्या, पुरुष ऑफिसमधून येत होते. मी दार उघडलं. बाबांनी उजवा हात दाराच्या चौकटीला लावून उठायचा प्रयत्न केला आणि मागे बसले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसले. नवरा धावत पलीकडून आला, त्याने त्यांच्या काखेत हात घातले. तळमजल्यावरचे शेजारीही आले. दोघांनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं. या ओढाताणीत बाबांचा सदरा वर गेला, चप्पल गाडीतच राहिली. कुणीतरी म्हणालं, "सावकाश, सावकाश." बाबांनी सदरा खाली ओढला, चप्पल घातली आणि कुणाकडेही न बघता जिना चढायला लागले.

त्यानंतर ते गाडीत बसायला तयार होईनात. "रिक्षा बरी," एवढंच म्हणायचे. रिक्षाची सीट उंच, पण प्रत्येक खड्ड्यात त्यांचा चेहरा पिळवटून निघायचा. मी बरोबर असायचे, मला दिसायचं. मी विचारलं, तर म्हणाले, "जावईबापूंना कशाला त्रास?" मला वाटलं, आमच्या घरचं पाणी चालतं पण जेवण चालत नाही, तसंच हे. आमची गाडी नको. मी नवऱ्याला तसं बोलूनही दाखवलं.

मग खडवलीहून निरोप आला. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, तिथे मुलाकडे राहायची. तिने अंथरूण धरलं होतं. त्या दोघांची आई गेली तेव्हा बाबा अगदी लहान होते. आत्याने स्वतःचं लग्न लांबवून त्यांना वाढवलं होतं. तिचा मुलगा शेजारच्यांच्या फोनवरून बोलला. म्हणाला, "आई सारखी मामाची वाट बघते. विचारते, तो रागावलाय का माझ्यावर? तू सांग, मी काय सांगू तिला?"

घरचा जिना कठड्याला धरून जमायचा, पण डोंबिवली स्टेशनचा पूल गर्दीत चढणं बाबांना शक्य नव्हतं आणि खडवलीपर्यंत रिक्षा जाणार नव्हती. मी बाबांना म्हटलं, "गाडीने जाऊ या. रविवारी." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बघू. जरा बरं वाटलं की जाईन." मी रागावून घरी आले. रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "बहीण मरणाच्या दारात आहे, तरी यांचा मान सुटत नाही."

तो पानावरून उठला, हात धुऊन आला आणि म्हणाला, "अगं, त्यांना गाडी नको असं नाहीये. त्यांना असं ओढून काढलेलं नकोय. मी त्यांचं तोंड बघितलेलं त्या दिवशी. तिथे बहिणीच्या दारात, भाच्यांसमोर पुन्हा तसंच होणार, हे त्यांच्या डोक्यात आहे."

हे मला सुचलं नव्हतं.

आधी मी कापसाची एक जाड गादी शिवली आणि सीटवर घातली. नवरा त्यावर बसून एक फेरी मारून आला. कापूस दबून तळाशी गेला होता आणि ब्रेक लागला की गादीसकट माणूस पुढे घसरत होता. त्याने ती काढून ओट्यावर टाकली. मग तो डोंबिवलीला एकटाच गेला, बाबांना फळं द्यायच्या निमित्ताने. नंतर मला सांगितलं, की बाबा आत चहा ठेवायला गेले तेव्हा त्याने त्यांच्या लाकडी खुर्चीची उंची एका काठीवर खूण करून घेतली. त्या एका खुर्चीतून बाबा कुणाच्या मदतीशिवाय उठायचे.

पुढचे काही दिवस तो कामावरून आला की आमच्या अंगणात गाडीपाशी बसायचा. अंगणाच्या पलीकडे खाडी आणि काठावर डागडुजीला ओढून ठेवलेल्या होड्या. त्याच्या चुलतभावाकडे होडीच्या कामातून उरलेले सागाचे तुकडे होते. सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर पुढेमागे सरकते, त्या पट्ट्या तळाला नटबोल्टने आवळलेल्या असतात. त्याने ते बोल्ट काढले, पट्ट्यांखाली सागाचे ठोकळे घातले, लांब बोल्ट आणून पुन्हा आवळले. गाडीच्या खालून लोखंडाची पट्टी लावली, म्हणजे पत्रा फाटू नये. सासूबाई ओट्यावर कोळंबी सोलत बघत होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिच्या बाबांसाठी."

पहिल्यांदा त्याने पुढून-मागून सारखीच उंची वाढवली. उठणं सोपं झालं, पण आत शिरताना डोकं दाराच्या वरच्या कडेला लागत होतं. बाबा तर त्याच्याहून उंच. ते सगळं त्याने पुन्हा सोडवलं. मग लक्षात आलं, की खरी अडचण सीटच्या मागच्या बाजूची आहे. ती मागे उतरती होती, म्हणून माणूस खड्ड्यात बसल्यासारखा व्हायचा. त्याने पुढचे ठोकळे पातळ केले, मागचे जाड ठेवले, पाठ जराशी मागे कलती केली. वर घट्ट फोमचा एक थर घालून रेक्झिन मारलं. आतल्या बाजूला दाराच्या वर होडीच्या दोरीचा एक मजबूत फास बांधला, हाताने धरायला.

एका संध्याकाळी मी बाहेर आले तर त्याने स्वतःच्या डाव्या पायाला फळी बांधली होती. गुडघा वाकू नये म्हणून. तसाच ताठ पाय घेऊन तो गाडीत बसत होता, उतरत होता. मला म्हणाला, "आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत घ्यायचे. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर. असं जमतं बघ." घामाने त्याचा शर्ट भिजला होता. मी दारातच उभी राहिले.

आम्ही डोंबिवलीला दुपारची वेळ बघून गेलो. तो म्हणालेला, "दुपारी खाली कुणी नसतं." वर जाऊन तो बाबांना म्हणाला, "बाबा, गाडीची सीट जरा बदललीये. उंची बरोबर आली का मला कळत नाही. खाली येऊन बघता का?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काठी घेतली आणि निघाले.

खाली आल्यावर त्यांनी लगेच बसायची घाई केली नाही. वाकून ठोकळ्यांवर बोट फिरवलं.

"हे लाकूड कुठलं?"

"सागाचं आहे. होडीचं उरलेलं."

"कुणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलं. घरीच."

मग बाबा पाठमोरे झाले. नवरा दोन पावलं लांब उभा होता, हात पाठीमागे धरून. मी पुढे होत होते तर त्याने मला मानेनेच थांबवलं. बाबा बसले. एकेक पाय आत घेतला. थोडा वेळ समोरच्या काचेतून बघत राहिले. मग पाय बाहेर काढले, दोरीला हात घातला आणि उभे राहिले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. श्वास लागला होता, पण उठले ते आपले आपण.

"खडवलीला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"आत्ता निघालो तर उजेडात पोचू," नवरा म्हणाला.

"मग मी टोपी घेऊन येतो," असं म्हणून ते जिन्याकडे वळले. मी म्हटलं, मी आणते. तर म्हणाले, "नको. मला सदराही बदलायचाय."

कल्याणच्या गर्दीतून बाहेर पडायला वेळ लागला. शहाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला. मी मागे बसले होते. बाबा मधेच नवऱ्याला विचारायचे, "हा कारखाना कधी झाला? पूर्वी इथे शेतं होती." तो जेवढ्यास तेवढं उत्तर द्यायचा. टिटवाळ्याच्या पुढे बाबांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

आत्याच्या दारात भाचा आणि त्याची बायको बाहेर आले. भाचा हात द्यायला पुढे झाला. बाबा म्हणाले, "राहू दे, उतरतो मी." आणि उतरले.

आत्या आतल्या खोलीत कॉटवर होती. अगदी लहान झाली होती, पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटू नये इतकी. बाबांसाठी उंच खुर्ची आणली. ते तिच्या उशाशी बसले. तिने त्यांचा हात शोधला.

"इतके दिवस का नाही आलास रे?"

बाबांनी तिचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "उठता येत नव्हतं गं. कुणीतरी ओढून उठवावं लागायचं."

"अरे, मग मला तरी कुठे येतंय," आत्या म्हणाली. "मला तर कूस बदलायला सुनेला हाक मारावी लागते. पहिल्यांदा लाज वाटली. आता नाही वाटत."

बाबांनी मान खाली घातली. त्यांना रडताना मी माझी आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं. नवरा खोलीबाहेर जाऊन पायरीवर बसला.

त्यानंतर आम्ही जवळपास दर रविवारी खडवलीला गेलो. बाबा डबा घ्यायचे, आत्याला आवडतो म्हणून मऊ शिरा. स्वतः करायचे. परतताना एक-दोनदा ते कोलशेतलाही आले, अंगणात खुर्चीवर बसले, चहा घेतला, सासूबाईंशी भरती-ओहोटीच्या गोष्टी बोलले. जेवले मात्र नाहीत. सासूबाईंनीही आग्रह केला नाही. 'जावईबापू' हे संबोधन शेवटपर्यंत तेच राहिलं.

थंडी सुरू होताना आत्या गेली. सकाळी निरोप आला आणि दुपारच्या आत आम्ही तिथे पोचलो. नदीकाठच्या स्मशानापर्यंत बाबा चालत गेले. वाट खडकाळ होती, सगळे त्यांच्यासाठी हळू चालले. भाच्याने अग्नी दिला. लोक पांगायला लागले तरी बाबा एका सखल दगडावर बसून होते. तिथे धरायला काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर करून पाहिलं. नवरा नेहमीसारखा जरा लांब उभा होता.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "जरा हात द्या."

नवऱ्याने दोन्ही हात पुढे केले. बाबा ते धरून उठले, आणि वाट संपेपर्यंत त्यांनी त्याचा दंड सोडला नाही.

परतीच्या वाटेवर बाबा बोलत राहिले. आत्याने त्यांना पोहायला कसं शिकवलं, शाळेची फी द्यायला तिने स्वतःच्या बांगड्या मोडल्या हे त्यांना नोकरी लागेपर्यंत कळलंच नव्हतं, लग्न होऊन सासरी जाताना ती त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. मी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. ते सगळं ते नवऱ्याला सांगत होते, मी मागे बसून ऐकत होते. कल्याण आलं तसं त्यांचं बोलणं थांबलं.

डोंबिवलीला पोचलो तर शेजारच्या काकूंनी पिठलं-भात पाठवला होता. आंघोळी करून आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबा त्यांच्या खुर्चीत, आम्ही दोघं खाली. फारसं कुणाला जात नव्हतं. जेवून झाल्यावर बाबा नवऱ्याला म्हणाले, "परवा अस्थी गोळा करायला जायला हवं. तुम्हाला रजा मिळेल का?"

"मिळेल," तो म्हणाला. "सकाळी लवकर निघू. ऊन व्हायच्या आत."

बाबा म्हणाले, "मग तुम्ही आज इथेच राहा दोघं." आणि कपाटातल्या चादरी कुठे आहेत ते मला सांगायला लागले.