होडी घेतली ती कात्रजला

समुद्रावर जायची होडी मी कात्रजला विकत घेतली, असं सांगितलं की लोक आधी हसतात. नारायण पेठेतल्या आमच्या शेजाऱ्यांनी तर, "समुद्र घाट चढून आला की आम्हालाही कळवा, गच्चीवरची वाळवणं काढून ठेवतो," एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं.

माझा हट्ट मात्र जुना होता. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत मी खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाची होडी चालवायला शिकले. पण धरणाचं पाणी कितीही मोठं असलं तरी शेवटी धरणाचंच. जरा वेग घेतला की समोर काठ, वळलं की परत काठ. पुढे चौतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळ्या आणि बाटल्या मांडताना मी मनाशी घोकत होते की एकदा तरी अशा जागी जायचं, जिथून कुठल्याच बाजूला काठ दिसत नाही.

आड आले ते आमचे हे. यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात, जमिनीखालची गळती शोधण्यात गेली. लोखंडी सळईचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि रस्त्याच्या पोटात पाणी कुठे पळतंय ते सांगायचं. असा माणूस पाण्यावर विश्वास ठेवणार कसा? शिवाय पोहता येत नाही. मला एकटीला सोडायलाही तयार नव्हते. "होडी मी तपासणार. एक थेंब गळला तर विषय संपला," अशी अट घालून, निवृत्तीला घरी आणलेली ती सळई घेऊन ते रिक्षात बसले.

होडी विकणारा कात्रजचाच. घरची शेती शहराने गिळल्यावर त्याने फायबरच्या टाक्या बनवायचा कारखाना टाकला होता. एका परदेशी जोडप्याने कोकणात विकून टाकलेली अठ्ठावीस फुटी होडी त्याने निव्वळ हौसेने ट्रेलरवर घालून घाटावर आणली आणि तीन वर्षं खपून नवी केली. बुडाला नवा थर दिला, डोलकाठी बदलली, तारा बदलल्या, इंजिन उघडून दुरुस्त केलं, शिडं नवी करून घेतली. स्वतः त्याने समुद्र दोनदाच पाहिला होता. शेडमागे लाकडी टेकूंवर ती पांढरी होडी उभी पाहिली आणि मी हरले. आवडलेल्या वस्तूपुढे चेहरा कोरा ठेवणं मला मंडईत वांगी घेतानाही जमत नाही, तिथे काय जमणार?

यांनी चष्मा पुसला आणि पाण्याचा टँकर मागवायला सांगितला. इथे समुद्र नाही, तर पाणी होडीच्या आत भरायचं आणि बाहेर येतंय का ते पाहायचं, असा त्यांचा हिशेब. विकणारा कळवळला. "साहेब, ही होडी हाय, टाकी न्हाई."

"टाकीच. फक्त उलटी," हे म्हणाले.

इंजिनाला लागणार नाही इतपत पाणी होडीच्या पोटात भरलं. हे सळई घेऊन खाली वाकले आणि तासाभरात बुडाला चार ठिकाणी ओल सापडली. विकणारा म्हणे, तो घाम आहे, पाणी गार आणि हवा दमट, म्हणून. यावर यांचं उत्तर, प्रत्येक गळका नळ आपल्याला आजवर हेच सांगत आलाय. त्यांनी सळई काखेत मारली आणि रिक्षा शोधायला निघाले.

मी यांच्यामागे धावले. मग स्वतःचाच राग आला. चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काय नुसत्या बाटल्या पुसल्या? मी यांना थांबवलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि जिलबीच्या केशरी रंगाची होती नव्हती तेवढी पाकिटं घेतली. दुकानदाराने पंगत किती पानांची म्हणून विचारलं. सगळा रंग होडीतल्या पाण्यात ओतून मी बांबूने ढवळला. चारही जागा कोरड्या पुसल्या. आता ओल रंगीत आली तर गळती, बिनरंगी आली तर घाम.

तासभर आम्ही तिघं चहा घेत बसलो. मग यांनी पांढरा रुमाल काढला. पहिली जागा टिपली, रुमाल ओला पण पांढरा. दुसरी, तिसरी तशीच. चौथी जागा मागच्या बाजूला, इंजिनाचा दांडा बाहेर निघतो तिथे होती. तिथे रुमालावर टिकलीएवढा केशरी डाग उमटला.

मी चहाचे कप गोळा करायला वाकले. अट म्हणजे अट, हा माणूस शब्द फिरवत नाही. वर पाहिलं तर हे चक्क हसत होते.

"सापडली," ते म्हणाले. "सापडली की मग तिला कोण घाबरतं?"

इतकी वर्षं संसार करून मला तेव्हा कळलं, यांना भीती होती ती न सापडलेल्या गळतीची. पुढचे दोन रविवार जुनी पँट चढवून हेच होडीखाली उताणे पडलेले आणि विकणारा यांना पाने-पकडी देतोय. दांड्याभोवतीचं पॅकिंग बदललं, पुन्हा केशरी पाणी भरलं आणि चौथ्या जागेवरून रुमाल कोरडा ठणठणीत निघाला. "घे," हे म्हणाले. मी तिथेच विसार दिला. होडीतलं पाणी सोडलं तेव्हा केशरी ओहोळ रस्त्यापर्यंत गेला आणि एकाने लग्न कोणाकडे आहे म्हणून चौकशी केली.

थंडीत होडी कोकणात उतरवली. लागणाऱ्या परवानग्या हाती आल्या. महिनाभर किनाऱ्याच्या आसपास सराव केला आणि एका पहाटे, जमिनीकडून सुटणारा वारा धरून, सरळ पश्चिमेला निघालो. यांची नवी अट एकच होती, ते 'वळव' म्हणाले की वळवायची.

दुपारी मी मागे पाहिलं तर डोंगराची शेवटची रेघही पुसली गेली होती. पुढे पाणी, मागे पाणी, दोन्ही बाजूंना पाणी. सुकाणू हातात धरून मी हसत होते आणि रडत होते, आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती.

हे सळई घेऊन खाली गेले होते. बऱ्याच वेळाने वर आले. "खाली कोरडं आहे," म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून खिशातला तोच रुमाल पुढे केला. "गळती वर आहे."

मी डोळे पुसले आणि धीर करून विचारलं, "वळवू का हो?"

ते चारही बाजूंना पाहत राहिले.

"कशाला?" ते म्हणाले. "आत्ता तर आलो."